निकषांचं वजन

सकाळपासून माझी लेक जेवणाच्या टेबलाशी कागद-पेन्सिल घेऊन बसली आहे. तिच्या बाबांना घरीच सांभाळायचं की वृद्धांच्या सेवाकेंद्रात ठेवायचं, हे आज ठरवायचं आहे. ते आता मलाही ओळखत नाहीत. कागदावर तिने निकष लिहिलेत: देखभाल, अंतर, बाबांची सवय, आईची तब्येत. प्रत्येकाला महत्त्वानुसार आकड्यात वजन दिलंय. ती बेरीज करते, कपाळाला आठ्या घालते, एक आकडा खोडते आणि पुन्हा बेरीज करते.

ही कला माझ्या चांगल्या ओळखीची. अनेक निकष तोलून निर्णय कसा घ्यावा, याचं गणित मांडण्यात माझी सगळी नोकरी गेली. वजनं आधी ठरवा, उत्तर पाहून बदलू नका, असं मी भल्याभल्यांना ठणकावायचे. आणि स्वतःच्या लग्नाच्या वेळी? तीन स्थळांचा तक्ता मांडला होता बाईसाहेबांनी! हे आले तिसरे. मग 'हसवतो' या निकषाचं वजन वाढवत नेलं, हे पहिले येईपर्यंत. वर मैत्रिणीला ऐटीत सांगितलं, "शास्त्रशुद्ध निवड आहे हो!"

आज त्याचं हसू येत नाही, रडूही येत नाही. मुंग्या येऊन बधिर झालेल्या हातासारखी मी नुसती बसून आहे.

लेकीने 'आईची तब्येत' पुढचा आकडा तिसऱ्यांदा खोडून वाढवला आणि कागदावर हात आडवा धरला.

"आई, तू बघू नकोस गं."

"नाही बघत. पण आणखी थोडं वाढव. अजून घरच पहिलं येतंय."