चार वर्षांच्या छातीचा आकडा

वाशीच्या आमच्या सेंटरात सीटी स्कॅन चालवणारी मी एकटीच बाई. लोक आत येऊन टेक्निशियन शोधायचे. मी म्हणायचे, "शोधा, सापडला तर मलाही सांगा."

नव्वदचं दशक होतं. छातीचा स्कॅन म्हटलं की करंटचा, म्हणजे किरण किती सोडायचे त्याचा, एकच आकडा ठरलेला. ऐंशी किलोचा गडी असो की अंगावर पिणारं पोर, बटण तेच. कुणी विचारायचं नाही, डॉक्टर ओरडतील म्हणून मीही नाही. तुर्भ्याच्या एका माथाडी कामगाराच्या चार वर्षांच्या मुलीला छातीत पू झाला, तिचा पहिला स्कॅन मीच त्या आकड्यावर काढला. फिल्म झकास आली, डॉक्टर खूश. घरी गेल्यावर मात्र माझंच डोकं फिरलं. एवढ्याशा छातीला एवढे किरण कशाला? पू काढायला नळी घातली होती, म्हणजे पू गेला का ते बघायला पोर पुन्हा येणार होतं.

रोज सकाळी पाण्याचं नळकांडं ठेवून आम्ही मशीन तपासायचो. तसंच करू म्हटलं. घरून तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा आणला, पाणी भरलं आणि टेबलावर आडवा निजवला. साधारण त्या पोरीच्या छातीएवढाच भरला असेल. आधी मोठ्यांचा आकडा, मग पाऊण, मग निम्मा. बारीक अंगातून किरण सहज पार होतात, त्यामुळे निम्म्यावरसुद्धा चित्र चांगलं आलं, थोडे दाणे दिसले एवढंच. रिसेप्शनवरची बाई डोकावली आणि म्हणाली, "काय गं, तेलाला न्यूमोनिया झाला का?" हसू दे मेलीला, म्हटलं.

पंधरा दिवसांनी मुलगी परत आली. मी डॉक्टरांना सांगितलं, आज निम्म्यावर काढते. ते असे भडकले की बाहेरच्या पेशंटनी माना वळवल्या. "फिल्म खराब आली तर परत काढावी लागेल. म्हणजे पोरीला दोनदा किरण! मग कुठे गेली तुमची दया?" खरं होतं ते. पण मीही हट्टी. "डब्यावर करून बघितलंय, सर," म्हटलं आणि फिल्म पुढे केल्या. त्यांनी उजेडाला धरून पाहिल्या. "काढा. पण बिघडलं तर जबाबदारी तुमची."

एवढ्यात मुलीचा बाप दारात उभा. त्याच्या कानावर 'निम्मं' तेवढं पडलेलं. "बाई, माझ्या पोरीला निम्मं का म्हनून? गरिबाची हाय म्हनून व्हय?" आयुष्य मार्केटात मापं बघण्यात गेलेलं, कमी म्हणजे फसवणूक हे त्याच्या डोक्यात पक्कं.

"दादा, तुम्ही शंभर किलोची गोणी पाठीवर घेता ना?"

"घेतो की."

"हिच्या पाठीवर द्याल?"

"काय बोलताय बाई! मोडंल की पोर!"

"मग या मशीनचंही तसंच आहे. तुम्हाला जेवढं सोसतं तेवढं हिला नको."

त्याने पोरीला जवळ ओढलं. मग म्हणाला, "निम्म्यापरीस कमी न्हाई का हुनार?" मी म्हटलं, "नाही हो. मग डॉक्टरांना काही दिसायचं नाही."

पोरीला म्हटलं, "हलायचं नाही हं, पुतळा व्हायचं." अशी पडली गुणाची बाय, की बोटसुद्धा हललं नाही. बटण दाबलं.

डॉक्टरांनी फिल्म लावल्या. मी मागे उभी. एकेक चौकट बघत ते शेवटापर्यंत गेले.

"पू गेलाय. नळी काढता येईल." मग शेवटची चौकट पुन्हा बघून, "सगळं दिसतंय. परत काढायची गरज नाही."

मी बाहेर जाऊन बापाला आधी तेच सांगितलं. आत आले तर डॉक्टरांनी पहिल्या वेळच्या फिल्म शेजारी लावलेल्या. दोन्हींकडे बघत म्हणाले, "हे पंधरा दिवसांपूर्वीच का नाही केलंत?"

"तुम्ही ओरडाल म्हणून."

इतकं तोंडावर त्यांना कुणी बोललं नसेल. त्यांनी चष्मा काढला. माझी नोकरी गेली असंच मी धरून चालले. मग चष्मा पुसत म्हणाले, "यापुढे लहान पोरांचे आकडे तुम्ही ठरवायचे. आणि कमी केले नाहीत, तर ओरडेन."