जलजाला घेऊन सुरगाण्याला

सकाळी सहाच्या एस.टी.ने मी नाशिक सोडलं तेव्हा माझ्याजवळ एक शबनम, एक पाण्याची बाटली आणि माझ्याच पुस्तकाच्या चाळीस प्रतींचं खोकं होतं. कंडक्टरने खोक्याला पायाने ढोसून विचारलं, "काय आहे? औषधं?"

"पुस्तकं. मुलांची. विज्ञानाची साहसकथा."

"मग टपावर टाका."

औषधं असती तर बहुधा आत जागा मिळाली असती.

त्या पुस्तकाबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर मार्चच्या उन्हात मी सुरगाण्याला कशाला तडमडलो हे कळायचं नाही. मी विमा कचेरीतला कारकून. बी.एस्सी., पदार्थविज्ञान, दुसरा वर्ग. मोबाइल अजून फक्त आमच्या साहेबांकडे होता त्या काळात मी दर रविवारी सकाळी इंदिरानगरातल्या माझ्या दोन खोल्यांत बसून जग वाचवत असे. माझ्या पुस्तकात चार मुलं आहेत आणि चौघंही इंदिरानगरची आहेत, कारण मला दुसरं काही माहीत नव्हतं. चिन्मयच्या तळहातांत चुंबक आहे. प्राजक्ता वटवाघळासारखी आवाजावरून वाट काढते. सोहमच्या अंगात वीज साठते, त्यामुळे त्याला आईसुद्धा जवळ घेत नाही. आणि सगळ्यांची पुढारी जलजा. ती हवेतली वाफ ओढून घेते आणि तिचं पाणी करते. हात वर केला की पाऊस.

नवव्या प्रकरणात ही फौज डोंगरातल्या एका खेड्यात पोचते. तिथे काळराख्या नावाचा दुष्ट माणूस गरिबांच्या शेतात पाला-काटक्या पसरतो, वर शेणमाती टाकतो आणि जमीन जाळून टाकतो. जलजा हात वर करते, आभाळ फुटतं, आग विझते आणि गावकरी "तुमी आमाला वाचिवलं वो" म्हणत रडतात. गावकऱ्यांची ही भाषाही मी इंदिरानगरातच तयार केली होती.

पहिल्या आवृत्तीच्या बऱ्याचशा प्रती माझ्या प्रकाशकांच्या पलंगाखाली होत्या. त्यांना सगळे आप्पा म्हणत. अशात सरकारकडून आश्रमशाळांच्या वाचनालयांसाठी पुस्तकं निवडायचं निघालं. अट अशी, की पुस्तक एखाद्या आश्रमशाळेत वाचलं गेलं पाहिजे आणि अर्जासोबत मुख्याध्यापकांचं पत्र आणि दहा विद्यार्थ्यांचे स्वहस्ताक्षरातले अभिप्राय जोडले पाहिजेत. आप्पा म्हणाले, "दहा कागद आणा, दुसरी आवृत्ती काढतो. नाही आणलेत तर तुमची जलजा माझ्या पलंगाखालीच म्हातारी होईल." म्हणून मी रजा टाकली.

दिंडोरीपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. तोडणी जोरात होती. बायका क्रेट डोक्यावर घेऊन पळत होत्या आणि बांधाला त्यांच्या पालांतून चुली धुरावत होत्या. वणीला दहा मिनिटं थांबून चहा आणि गार वडा घेतला. पुढे घाट लागला, रस्ता वळायला लागला आणि वडा पुन्हा वर येऊ पाहू लागला. सुरगाण्याला मी पिवळा पडून उतरलो.

तिथून पुढे जीप. जीप भरली की निघते आणि ड्रायव्हर अर्धा बाहेर लोंबकळायला लागला की ती भरली असं समजायचं. माझं खोकं माझ्या मांडीवर, खोक्यावर शेजारच्या बाईंची कोंबडी. खोक्याचं झाकण उघडं होतं, त्यामुळे सगळ्यात वरच्या जलजाच्या तोंडावर कोंबडीने पहिला अभिप्राय नोंदवला.

डोंगरउतारावर ठिकठिकाणी शेतांत काळे चौकोन दिसत होते. काहींतून धूर निघत होता. मला आनंदच झाला म्हणायचा. मी वही काढून लिहिलं, "काळराख्या खरोखरच आहे! केवढं हे अज्ञान!"

कोंबडीवाल्या बाई माझ्या वहीत डोकावल्या, मग मी बघत होतो तिकडे त्यांनी बघितलं. "राब हाय तो," त्या म्हणाल्या.

"हो का," मी म्हणालो आणि लेखक मान हलवतात तशी मान हलवली. काय ते विचारलं नाही. न कळलेलं विचारायचं नाही, ही आम्हा शिकलेल्यांची जुनी खोड.

आश्रमशाळेत बागूल सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, माझं नारळ आणि शाल देऊन स्वागत केलं. खुर्चीवर बसतो न बसतो तोच त्यांनी माझ्यापुढे एक फाइल सरकवली. आत पत्र होतं आणि दहा अभिप्राय.

"कालच उरकून टाकलं. तुमची गैरसोय नको," ते म्हणाले.

मी कागद चाळले. पहिला: 'हे पुस्तक मला फार आवडले. जलजामुळे माझा वैज्ञानिक दृष्टिकोन वाढला.' दुसरा तोच. दहाही तेच. सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं आणि सातवीच्या मुलांनी ते उतरवून खाली सह्या केल्या होत्या. एका प्रामाणिक मुलाने तर फळ्याच्या कोपऱ्यातलंही उतरवलं होतं. 'माझा वैज्ञानिक दृष्टिकोन वाढला. पुसू नये.'

"पण सर, पुस्तकं तर आत्ता माझ्याबरोबर आली."

"म्हणून काय झालं? वृक्षारोपण असो, साक्षरता असो, आपण असंच करतो. मुलांना सवय आहे. अक्षर बघा की हो!"

अक्षर खरंच सुंदर होतं. माझं काम झालं होतं. फाइल शबनममध्ये घालून, नागलीची (नाचणीची) भाकरी, उडदाची आमटी आणि ठेचा खाऊन मी दुपारच्या जीपने परत फिरू शकलो असतो. जेवण इतकं चांगलं होतं की मी तीन भाकऱ्या खाल्ल्या, आणि पोट भरल्यावर मला माझ्या आवाजाची हौस आली. म्हटलं, नववं प्रकरण मुलांना वाचून दाखवू.

सातवीचा वर्ग जमिनीवर मांडी घालून बसला. मी आवाज चढवून, उतरवून वाचलं. काळराख्या पाला पसरतो तिथे मुलं आरामात ऐकत होती. तो पेटवतो तिथे एकाने जांभई दिली. जलजाने हात वर केले, आभाळ फुटलं आणि वर्गात चुळबुळ सुरू झाली. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली. तिचं नाव यमुना.

"सर, ती पोरगी राब का विझवते?"

"राब नाही बाळ, आग. दुष्ट माणसाने लावलेली."

"शेतात पाला, काटक्या टाकल्या, वर शेण न् माती टाकली, मग पेटवली. राबच की तो."

"म्हंजे माझा बाप काळराख्या!" मागून एक पोरगा ओरडला आणि सगळा वर्ग खदखदून हसला.

बागूल सर दारातून गरजले, "गप्प बसा! साहेब नाशिकहून आलेत!"

यमुना बसली नाही. मला समजावं म्हणून तिने शांतपणे, मी पहिलीत असल्यासारखं सांगितलं. "राब भाजला की तणाचं बी मरतं. राखेचं खत होतं. पाऊस पडला की त्याच जागेवर भाताचं न् नागलीचं रोप टाकायचं. मग आवणी (लावणी) करायची. भाजायच्या टायमाला राब भिजला तं रोप चांगलं येत नाय. रोप नाय तं आवणी नाय. मग वरीसभर खायचं काय?"

उष्णतेने तणाचं बी मरतं. राखेतून पोटॅश मिळतो. हे सगळं मला येत होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळाले असते. ते वर्णन मी वर्तमानपत्रातल्या एका फोटोवरून केलं होतं आणि फोटोखालची ओळ वाचली नव्हती. माझ्या चार महाशक्तिमान मुलांनी एका आख्ख्या गावाचं वर्षाचं अन्न बुडवलं होतं आणि वर गावकऱ्यांना रडून आभार मानायला लावलं होतं.

मघाचा पोरगा पुन्हा उठला. "सर, तिला हवेतनं पानी काढता येतं ना? मंग आमच्या हिरीत सोडायला सांगा. आटलीय."

मी पुस्तक मिटलं. घाम पुसला.

"मंग तुमी हे बदलणार का?" यमुनाने विचारलं.

"हो. नक्की. पुढच्या आवृत्तीत."

"मंग माझा कागद परत द्या. मी त्यात आवडलं म्हणून लिवलंय. मी दुसरा लिहिते."

मी बागूल सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "एकदा फाइलला लागलेला कागद काढता येत नाही." फाइल माझ्या शबनममध्ये होती; मी ती उघडली नाही. यमुनाने वहीतलं पान टर्रकन फाडलं, तिथेच बसून लिहिलं आणि माझ्या हातात दिलं.

जीपला वेळ होता. मुलांनी मला शाळेमागच्या उतारावर नेऊन यमुनाच्या घरचा राब दाखवला. तिचे आईबाप दिंडोरीकडे द्राक्षाला गेले होते. होळीला चार दिवस आले, काल राब भाजला, पुन्हा गेले. मी राखेत हात घातला. ती मऊ होती आणि खालून अजून कोमट लागत होती. यमुना म्हणाली, "पाय देऊ नका हां सर." मी दोन पावलं मागे सरलो.

परतीच्या जीपमध्ये मी तिचा कागद वाचला. लिहिलं होतं, 'जलजा चांगली पोरगी आहे. तिला शेतातलं कळत नाही. तिने आधी विचारायला पाहिजे होतं. राब विझवला म्हणून तिने परत पाला तोडून आणावा आणि राब भाजून द्यावा. मग आम्ही तिला जेवायला घालू.' असा अभिप्राय मला आजवर कोणी दिलेला नाही. घाटात मी तो चार वेळा वाचला आणि ठरवलं, की नववं प्रकरण नव्याने लिहायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांकडे गेलो. यमुनाचा कागद त्यांना आधी दिला. ते मनापासून हसले. "वा! पोरगी तुमच्यापेक्षा बरी लिहिते."

"आप्पा, नववं प्रकरण बदलू या."

"अर्जाची मुदत उद्या संपते. आणि अहो, मुखपृष्ठावरच ती आग विझवतेय. पुढच्या आवृत्तीत बघू."

हे वाक्य ओळखीचं वाटलं. कालच मी ते तोंड वर करून बोललो होतो.

"कागद दहाच हवेत ना?" आप्पांनी विचारलं आणि हात पुढे केला. माझ्याजवळ अकरा होते. फळ्यावरून उतरवलेल्या दहांत यमुनाचाही होता, तिच्या सुंदर अक्षरात, तिच्या सहीसकट. एक काढून दुसरा लावायला एक टाचणी पुरली असती. पण पुस्तक नाकारलं गेलं असतं. मी फाइल जशीच्या तशी आप्पांच्या हातात ठेवली आणि अकरावा कागद घडी करून खिशात घातला.

पुस्तक निवडलं गेलं. दुसरी आवृत्ती निघाली, मग तिसरी. नववं प्रकरण तसंच आहे, कारण एकदा निवडलेल्या पुस्तकात काना-मात्रेचाही फरक करता येत नाही, असं नंतर कळलं. कळल्यावर मला दुःख व्हायला हवं होतं. मला हायसं वाटलं, आणि हे लिहिताना त्याची लाज वाटते.

प्रवासाने माणूस शहाणा होतो म्हणतात. मीही झालो होतो, सुरगाण्यापासून नाशिकपर्यंत पुरेल इतका. त्या डोंगरांतल्या शाळांत आता दर वर्षी नवी मुलं माझं पुस्तक वाचत असतील, राब विझवणाऱ्या मुलीला शूर म्हणत असतील आणि सुट्टीत घरी जाऊन आईबापांबरोबर राबासाठी पाला तोडत असतील. यमुनाने शिक्षा अगदी वाजवी सांगितली होती. पण जलजा कागदावरची पोरगी, ती कुठला पाला तोडणार? ती शिक्षा माझी होती. मी अजून तिकडे परत गेलेलो नाही.