आक्काची अँजिओग्राफी

आक्का म्हणजे माझी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी पाळण्यात होतो आणि आक्का परकर नेसत होती. लालबागच्या चाळीत तिनेच मला भरवलं, झोडपलं, शाळेत पोचवलं. त्यापायी स्वतःचं लग्न लांबवलं, आणि मग ते राहूनच गेलं. तिच्या मेंदूत गाठ आहे हे कळलं तेव्हा मी आधी डॉक्टरांवरच खेकसलो. मी घाबरलो की असाच वागतो.

गाठ डाव्या बाजूला होती, बोलण्याच्या जागेला खेटून. ती काढायची होतीच. प्रश्न एवढाच की काढल्यावर आक्काची वाचा राहील का. गाठीभोवतीच्या रक्तवाहिन्या नेमक्या कशा जातात हे कळल्याशिवाय परळचे सर्जन हात घालायला तयार नव्हते. म्हणून ही त्रिमितीय अँजिओग्राफी. जांघेतून बारीक नळी मानेपर्यंत न्यायची, तिच्यातून औषध सोडायचं आणि एक्स-रेचं यंत्र डोक्याभोवती फिरवायचं. सगळ्या बाजूंचे फोटो कॉम्प्युटर जोडतो आणि शिरांचं अख्खं झाड पडद्यावर उभं राहतं. अट एकच, यंत्र फिरताना पेशंटने श्वास रोखायचा आणि तसूभर हलायचं नाही. पूर्ण भूल देणार नव्हते.

मी बाहेर बाकावर बसलो होतो. थोड्या वेळाने टेक्निशियन दारात आला.

"काका, जरा आत येता का? आजी ऐकतच नाहीत. फोटो हलला."

"ऐकत नाहीत म्हणजे? तुम्हीच नीट सांगितलं नसेल!" उठता उठता मी त्याला सुनावलं.

काचेपलीकडे आक्का टेबलावर आडवी होती. तो माइकवर म्हणाला, "आजी, श्वास रोखा."

"होय," आक्का म्हणाली.

"अजिबात हलू नका."

"होय."

"बोलूसुद्धा नका."

"होय, होय!" पट्टीने बांधलेली मानही तिने डोलवायचा प्रयत्न केला.

मला हसू आलं. आमच्या गावी, मालवणी मुलखात, देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा पुढचा माणूस एकेक मागणं खणखणीत आवाजात सांगतो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणतात. कोणी मोठ्याने आपल्या भल्याचं सांगतंय आणि आपण मुकाट पडून राहायचं, हे आक्काला जमणं शक्यच नव्हतं. टेक्निशियन बिचारा जितकं समजावी, तितकी ती होकार भरी.

मी माइक मागून घेतला. "आक्का, मी बोलतोय. कौल लावलाय."

तिथे कोणालाच काही कळलं नाही. कौल लावायचा म्हणजे देवाच्या अंगावर डावी-उजवीकडे पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर काम होणार. पाकळी पडेपर्यंत देवळात कोणी खोकतसुद्धा नाही. मी देव न मानणारा माणूस, या कौलावरून आक्काशी जन्मभर भांडलेला. पण ती ऐकताक्षणी दगडासारखी स्तब्ध झाली. मी टेक्निशियनला नुसती खूण केली. यंत्र फिरलं आणि थांबलं. फोटो स्वच्छ आला होता.

वॉर्डात आणल्यावर आक्काने डोळे उघडले. "डोक्यात कोणी ऊन ऊन पेज ओतल्यासारख्या वाटला," म्हणाली. मग हळूच विचारलं, "खयची पडली रे?"

"उजवी," मी छातीठोकपणे सांगितलं. मला काहीच माहीत नव्हतं.

संध्याकाळी सर्जननी ते झाड पडद्यावर फिरवून दाखवलं. मोठी रक्तवाहिनी गाठीच्या आत शिरलेली नव्हती, गाठीने तिला नुसतं बाजूला रेटलं होतं. "ही वाचवता येईल," ते म्हणाले. "पण ही बारीक फांदी गाठीला चिकटली आहे. काही दिवस त्यांना शब्द सापडणार नाहीत. काही कदाचित कायमचे जातील." माझं सगळं लहानपण फक्त त्या एका डोक्यात होतं. मला तिथेच, त्यांच्यासमोर रडू आलं.

ऑपरेशन नीट झालं. आक्का शुद्धीवर आली, ओठ हलवू लागली, पण शब्द फुटेना. मी दादरहून रोज डबा घेऊन जायचो आणि तिच्याशेजारी बसून एकटाच बडबडायचो.

एका सकाळी एक तरुण डॉक्टर तिला तपासायला आली. तिने पेन दाखवलं. "आजी, हे काय आहे?" आक्का नुसती बघत राहिली. मग घड्याळ दाखवलं. आक्काच्या डोळ्यांत पाणी तरारलं. शेवटी डॉक्टरने माझ्याकडे बोट केलं. "आणि हे तुमचे कोण?"

आक्काने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"झील," ती म्हणाली.

डॉक्टरला मालवणी येत नव्हती. झील म्हणजे मुलगा, मी सांगितलं.

"भाऊ म्हणायचं असेल त्यांना," ती समजुतीने म्हणाली. "सुरुवातीला असे शब्द चुकतात. आपण सराव करून घेऊ."

"या शब्दाचा नको," मी म्हणालो. "हा बरोबर आहे."