कॅम्प, सेक्शन, बॅरेक, खोली

आमच्या दुकानात एक ड्रॉवर आहे. त्यात पिन वाकलेले चार्जर, कुठल्या फोनचं ते कुणालाच न आठवणारी झाकणं, सुटे स्क्रू. मुद्दाम कुणी साठवलेलं नाही, पण टाकायलाही हात होत नाही. किस्स्यांचं तसंच होतं. आणि मी फारशी बोलत नाही, त्यामुळे माझ्याकडे ते जरा जास्तच साठलेत.

दुकान उल्हासनगरात. मालक हरेशसेठ, म्हणजे सिंधी आणि अर्धे मराठी. ऑफिसांमध्ये बिनवायरचे फोन बसवून देणं हा आमचा धंदा. प्रत्येक फोनला नेटवर्कवरचा स्वतःचा पत्ता द्यावा लागतो, चार आकड्यांचा. तो चुकला की फोन म्हणजे पेपरवेट!

* * *

पहिल्या दिवशी मी कोर्सच्या वहीतली व्याख्या म्हणून दाखवली. सेठनी हात वर केला.

"बस, बस! तू उल्हासनगर में पत्ता कैसे बोलती है? कॅम्प, सेक्शन, बॅरेक, खोली. हो गए चार. यही है आयपी ॲड्रेस!"

"आणि गेटवे?"

"स्टेशन. बाहेर जायचंय तर तिथूनच जाणार ना, बेटा!"

दोन वर्षं कोर्सला घातली होती मी. इथे दोन मिनिटांत समजलं.

मला साइटवर जायचं होतं. सेठ म्हणाले, "साइट पे आवाज लगता है. तू तो बोलतीच नाही." आणि मला टेबलावर बसवलं, पत्त्यांच्या याद्या करायला.

* * *

तीन महिन्यांनी कॅम्प पाचमधल्या एका जीन्सच्या कारखान्यात काम निघालं. आमचे फोन बसवणारे प्रमोददादा तिथे गेले. वीस वर्षांचा अनुभव, शिडी त्यांची स्वतःची. सेठ माझ्या यादीतून आकडे फोनवर वाचून दाखवत होते आणि दादा तिकडे भरत होते.

संध्याकाळपर्यंत दोन फोनांचं जमेना. एक चालू झाला की दुसरा बंद, दुसरा चालू की पहिला बंद. दादांनी बॅटऱ्या बदलल्या, चार्जर बदलले, शेवटी फोनची जागा बदलली.

मी यादी बघितली आणि सेठच्या हातातून फोन घेतला.

"दादा, शेवटचा आकडा किती टाकलात?"

"एकाहत्तर! सेठ बोलले ना!"

"ते उनहत्तर बोलले. हिंदीत. म्हणजे एकोणसत्तर. एकाहत्तर तिथल्या मालकाच्या केबिनचा आहे. दोघांना एकच पत्ता दिलाय."

दादा पलीकडून उखडले.

"एकोणसत्तर आहे, तर मधे ते 'हत्तर' कशाला घातलंय यांनी!"

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. ६९ कुणीही म्हणायचं नाही, 'सहा, नऊ' म्हणायचं. नियम माझा आहे, दुकानात अजून पाळतात. सेठ मात्र त्या दिवशी नियमापेक्षा दुसऱ्याच गोष्टीने चकित झाले होते.

"प्रमोद, ये बोलती भी है!"

दुसऱ्या दिवसापासून मी दादांबरोबर साइटवर.

* * *

माझं लग्न ठरलं, सासर बदलापूरला, कात्रपमध्ये. दादांनी आहेराचं पाकीट दिलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "आता पत्ता बदलणार. कायमचा का?"

"कायमचा," मी म्हटलं. "पण गेटवे उल्हासनगरच."

सेठ एवढे हसले की ढोकळ्याचा ठसका लागला.

* * *

सासूबाई, म्हणजे आई, माझ्या कामाबद्दल फार अभिमानाने बोलतात. फक्त काम काय ते नक्की ठाऊक नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं, "सूनबाई काय करते?"

"फोनला पत्ते देते."

"पोस्टात आहे होय!"

आईंनी दुरुस्त केलं नाही. सरकारी वाटतंय तर वाटू दे! आठवड्याभरात काकू दारात. पुण्याहून भाचीने पाठवलेलं पार्सल पोहोचलं नव्हतं.

मी आईंकडे बघितलं. आई शांतपणे म्हणाल्या, "बघ गं जरा. तुझ्या हातात आहे तर."

ट्रॅकिंग नंबर मागून घेतला. पार्सल स्टेशनपलीकडे हेंद्रेपाड्यात, आमच्याच बिल्डिंगच्या नावाच्या दुसऱ्या बिल्डिंगमध्ये पडलं होतं. पूर्वेऐवजी पश्चिम! काकू आता मला बघितलं की उभ्या राहतात.

* * *

मग आली अंबरनाथ एमआयडीसीतली केमिकल कंपनी. चाळीस फोन. दादांचा पाय मुरगळलेला. सेठ माझ्याकडे वळले.

"अकेली जाएगी? बघ हां, पार्टी मोठी आहे. एक कंप्लेंट आली ना, तर परत टेबल."

मी मान हलवली. लॅपटॉप पिशवीत घातला.

गेटवर सगळ्यांचे मोबाइल जमा करून घेतात, साहेबांचेसुद्धा. मी आत गेले. टेबलांवरचे जुने फोन सकाळीच काढून कोपऱ्यात ढीग केलेला. ॲडमिनच्या साहेबांनी माझ्या मागे दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बसा मॅडम. चहा घ्या. इंजिनिअर येऊ दे, मग बघू."

'मीच ती' असं सांगायला तोंड उघडेपर्यंत साहेब मीटिंगला निघूनही गेले. मग मी चहा घेतला, लॅपटॉप उघडला. कॅम्प, सेक्शन, बॅरेक, खोली. कॅम्प, सेक्शन, बॅरेक, खोली. पहिला फोन साहेबांच्याच टेबलावरचा. मग रिसेप्शन, मग स्टोअर.

दोन तासांनी साहेब मीटिंगमधून आले. मी कोपऱ्यात खाली मान घालून सतराव्या फोनचा पत्ता भरत होते. त्यांनी घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि टेबलावरचा फोन उचलून स्पीकर लावला.

"हरेशसेठ! काय चाललंय काय? दोन तास झाले, एका मुलीला बसवून ठेवलंय नुसतं. तुमचा इंजिनिअर अजून आलेला नाही! ही माझी कंप्लेंट समजा!"

माझा हात सतराव्या फोनवरच थांबला. पलीकडून सेठचा आवाज आला, एकदम खणखणीत, जराही खरखर नाही.

"साईं, नाराज नको होऊ. पहले एक बात बताओ. आप किस फोन से बोल रहे हो?"