उचकी लागली आणि अक्कांना फोन लावला

आमच्या घरात उचकीचा एक कायदा आहे. कुणाला उचकी लागली की बाकीच्यांनी एकेक नाव घ्यायचं, आणि ज्या नावाला ती थांबेल तो माणूस आठवण काढतोय असं समजायचं. इतपत सगळेच करतात. आमच्या यजमानांनी त्यात स्वतःचं एक कलम घातलं आहे. ज्याच्या नावाला उचकी थांबली त्याला तिथल्या तिथे फोन लावून विचारायचं, "आठवण काढली का हो?" लोक हो म्हणतात. समोरून फोन आल्यावर नाही कोण म्हणेल?

यांची मान गेलं वर्षभर दुखत होती. तीन उशा डोक्याखाली घेऊन मोबाईल बघत पडायचं, आणि बघायचं काय, तर मान मोडून देणाऱ्यांचे व्हिडिओ. कुणीतरी गोरा माणूस कुणाची तरी मान धरतो, कडाड् आवाज होतो, आणि ज्याची मान मोडली तो हसत उठतो. ते बघून बघून यांची मान आणखी दुखायची. पुढे जळगावातच असं एक शिबिर भरलं आणि पेपरातून त्याचा कागद घरी आला. मी तो केराच्या डब्यात तळाशी घातला आणि म्हटलं, "मान मोडायला बाहेर कशाला जायचं? मी आहे ना घरात." हे हसले. मला वाटलं विषय संपला. इतक्या वर्षांच्या संसारानंतरही मला असं वाटू शकतं, याचं मलाच नवल वाटतं.

त्या रविवारी आमच्याकडे भरीत होतं. खानदेशात थंडीतलं भरीत हे पुरुषांचं काम. एरवी चहाचा कप न विसळणारा माणूसही त्या दिवशी गच्चीवर तूरकाठ्या पेटवून वांगी भाजतो, आणि जेवणाऱ्यांनी त्याचं कौतुक करायचं असतं. मुलगी सुट्टीला आली होती. शेजारच्या चाचांना, त्यांचं लोखंडी कपाटांचं दुकान आहे, दरवर्षीचं आमंत्रण होतंच. हे सकाळीच वांगी आणायला म्हणून गेले आणि वांगी पिकवून आणावीत इतक्या वेळाने परतले. "मनासारखी मिळेनात," म्हणाले. मानेला मफलर होता. थंडीच होती, मी लक्ष दिलं नाही.

वांगी भाजताना यांना गरगरलं. आम्ही म्हटलं, उपाशीपोटी धूर गेला. डावा डोळा अर्धवट मिटायला लागला. तोही धूरच. मग यांनी उजव्या हाताने जळतं वांगं विस्तवातून उचललं आणि निवांत देठ धरून सोलायला लागले. चाचा म्हणाले, "वाह भाऊ, हात आहे की चिमटा!" आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आज ते आठवलं की माझ्याच हाताला चटका बसतो.

गच्चीवरच जेवायला बसलो आणि यांना उचकी लागली. पाणी दिलं, तर ते नाकातून परत आलं. मुलगी हसून लोळली. मग नावं सुरू झाली. मुलीने गावाकडचे सगळे काका संपवले. चाचांनी डोळे मिचकावत विचारलं, "कॉलेजातलं कोणी?" मी म्हटलं, "तिला यांची आठवण काढण्यावाचून दुसरं काम नाही का?" उचकी चालूच. शेवटी मुलगी म्हणाली, "अक्काआत्या!" आणि उचकी थांबली.

अक्का म्हणजे यांची थोरली बहीण, शिंदखेड्याला असते. फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावा म्हणून ताटांच्या मधोमध ठेवला. हे म्हणाले, "अक्का, मनी आठवण काढी का?"

"हां रे, आत्तेच काढी," अक्का म्हणाल्या. "मान मोकळी व्हयनी का तुनी? पुढला रविवारले माले बी त्या शिबिरमा लई जासू म्हने ना तू?"

मी मफलराकडे पाहिलं. हे भाकरीकडे पाहू लागले. माझ्या तोंडात जे जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण ते बाहेर पडायच्या आत अक्कांचाच आवाज आला.

"थांब. हाऊ कोन बोली राहिना? हाऊ मना भाऊना आवाज नही शे."

"मिरची लागली, अक्काआत्या," मुलगी म्हणाली.

"मिरची खाईसन इतलं वय गयं त्यानं. मिरचीना आवाज माले माहीत शे. हाऊ तो नही."

मग मीही ऐकलं. आवाज घोगरा होता, ओला होता, घशात कुणी चिंधी कोंबल्यासारखा. तो तास दीड तास माझ्या शेजारीच चालला होता आणि मी त्याला धूर, उपास, मिरची, काय काय म्हणत होते. मी घाबरले. खरं सांगते, रागापेक्षा भीती आधी आली, आणि माझ्या बाबतीत असं सहसा होत नाही.

मोबाईलवर सकाळच्या फुलांबरोबर येणाऱ्या निरोपांनी मला मेंदूच्या झटक्याची परीक्षा पाठ करून ठेवली होती. "अहो, हसा." हे हसले, दोन्हीकडून सारखे. "हात वर करा." दोन्ही हात वर, सारखे. "पास!" हे घोगऱ्या आवाजात म्हणाले. मुलीने सुस्कारा सोडला. पण त्या निरोपांत उचकीचं काही नव्हतं आणि नाकातून आलेल्या पाण्याचंही नव्हतं. मी म्हटलं, "आता उठा. टाकीपर्यंत चालून दाखवा."

हे उठले आणि टाकीकडे जायच्या ऐवजी सरळ डावीकडे, कठड्याकडे गेले. कुणी बाहीला धरून ओढावं तसे. मी धावले. चाचांनी कमरेला मिठी मारली. फोनवरून अक्का ओरडत होत्या, "बाई, भांडन मांगे कर! पहिले त्याले दवाखानामा लई जाय!"

चाचा म्हणाले, "भाभी, गाडी काढतो," आणि हात न धुता जिना उतरले. त्यांच्या गाडीला पुढे कित्येक दिवस भरताचा वास होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारायच्या आत मी सांगून टाकलं, "सकाळी यांनी मान मोडून घेतली आहे. तेव्हापासून." यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शाळेत त्यांची चहाडी केली. पण डॉक्टर लगेच सावध झाले. तपासण्या झाल्यावर त्यांनी समजावलं, मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या एका रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटलंय, तिथे गुठळी झाली आणि मेंदूच्या मागच्या भागात झटका आला. अशा झटक्यात चेहरा आणि हात कधी कधी ठीकच राहतात; बिघडतं ते गिळणं, आवाज, तोल, गरम-गार कळणं, आणि उचकी लागते. मानेचं आधीच सांगितलंत ते बरं केलंत, म्हणाले. मी यांच्याकडे विजयाने बघायला वळले, तर त्यांच्या नाकात नळी घालत होते. मग मला बाहेर जाऊन रडावं लागलं.

नळीतून पेज जायची, तोंडावाटे पाण्याचा थेंबही बंद. उचकी मात्र येतच होती. अक्का शिंदखेड्याहून आल्या आणि कुणी समजावलं तरी ऐकेनात. "मी याद काढस म्हनीसन त्याले उचकी लागस," म्हणाल्या. भावाच्या उशाशी बसून त्याची आठवण न काढायची, असं अवघड काम त्यांनी अंगावर घेतलं आणि डोळे मिटून आपल्या सुनेच्या चुका आठवत बसल्या.

हे घरी आले ते काठी घेऊन. हळूहळू गिळायला लागले, आधी घट्ट पेज, मग मऊ भात. उजव्या हाताला गरम-गार अजून नीट कळत नाही, त्यामुळे चहाचा कप आधी मी धरून बघते. आवाज काही पूर्वीचा आला नाही. येईल की नाही ते डॉक्टरही ठाम सांगत नाहीत.

परवा जेवताना यांना उचकी लागली. मुलगी पुन्हा सुट्टीला आली होती. तिने घास तसाच ताटात टाकला आणि मी उभीच राहिले. हे म्हणाले, "अगं, ठसका आहे, ठसका." मी म्हटलं, "काही नाही. टाकीपर्यंत." बिचारे गच्चीवर आले, काठी न घेता टाकीपर्यंत गेले, परत आले, आणि सरळ आले.

"आता लाव अक्काला फोन," म्हणाले. कायदा तो कायदा.

अक्कांनी फोन घेतला. हे त्या घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाले, "अक्का."

पलीकडे अक्कांनी कुणाला तरी टीव्ही बंद करायला सांगितलं. मग अक्का हळूच म्हणाल्या, "बोल. हाऊ मना भाऊना आवाज शे."