तांबूस केस

जपानमधल्या तोयोसूच्या ग्रंथालयात मी कामाला असताना खाडीकडच्या खिडकीपाशी एक आजी रोज बसायच्या. पाण्यावरचा उजेड छतावर हलत असायचा आणि इंग्लंडहून मागवलेल्या जुन्या नोंदींवरून त्यांचं बोट हळूहळू फिरायचं. त्यांचे आजोबा इंग्रज होते. एका सकाळी त्यांनी तिकडच्या नातलगांकडून आलेलं आजोबांचं इंग्रजी पत्र माझ्यापुढे सरकवलं.

"अक्षर लागत नाही. वाचाल का?"

आजोबांनी योकोहामाहून आपल्या आईला लिहिलं होतं, "मुलगी झाली. केस अगदी तुझ्यासारखे तांबूस आहेत. मी बघतच बसतो."

आजींनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"ती मुलगी माझी आई," त्या म्हणाल्या. "माझेही केस तसेच होते. शाळेत काळेच केस चालायचे, म्हणून आई ते रंगवायची आणि रंगवताना माझी माफी मागायची."

मग टोपी काढून त्यांनी आपल्या पांढऱ्याशुभ्र केसांवरून हात फिरवला.

"म्हणजे असल्या केसांकडे एके काळी कुणीतरी नुसतं बघत बसायचं."