बहुपदीचा पत्ता विचारणारा

x² + 1 ही बहुपदी दिसली की कुठलाही शहाणा माणूस तिचे अवयव पाडायला बसतो. जनगणना मात्र आधी विचारायचा, "ही राहते कुठे?"

इंदूरच्या आमच्या कॉलेजात तो गणित शिकवायला आला. महूहून रोज ये-जा करायचा. कुणीही भेटलं की पहिला प्रश्न, "भिया, कुठं राहता?" सुदामा नगर म्हटलं तर थेट गल्लीपर्यंत चौकशी. म्हणून 'जनगणना' हे नाव, अर्थात मीच ठेवलेलं. हेवा वाटू लागला की मला नावं फार छान सुचतात.

मुलांना संगणकावर बीजगणित शिकवण्यासाठी मी अकरा वर्षं खपून एक प्रोग्रॅम लिहिला होता. त्यात एकच अजस्र फंक्शन, म्हणजे सगळ्या सूचना एकाच ढिगात. आलेली वस्तू संख्या असेल तर हे करा, बहुपदी असेल तर ते, मॅट्रिक्स असेल तर आणखी काही. विभागात त्याला 'सरांचा प्रोग्रॅम' म्हणत. ते ऐकायला मी स्टाफरूमच्या दाराशी उगाच रेंगाळत असे.

जनगणनेनं तो वाचला आणि आदबीनं म्हणाला, "सरजी, सगळ्यांची कामं तुम्ही एकटेच करता. अवयव कोणते, ते बहुपदीलाच विचारा ना. खुद सांगेल ती!"

मग त्यानं स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला. त्यात प्रत्येक वस्तू म्हणजे एक ऑब्जेक्ट, आपला पत्ता आणि आपली कामं सोबत घेऊन फिरणारा. x² + 1 परिमेय संख्यांच्या घरात असली तर सांगे, माझे अवयव पडत नाहीत. तिलाच संमिश्र संख्यांकडे पाठवलं की निमूट दोन अवयव काढून देई. मुलं खूश. मी घरी जाऊन बायकोवर चिडलो.

विभागप्रमुख बाईंनी ठरवलं, पुढच्या वर्षी दोन्हीपैकी एकच प्रोग्रॅम शिकवायचा. कसोटी अशी: घड्याळाचं अंकगणित, ज्यात नऊ आणि पाच मिळून दोन होतात, ते आपापल्या प्रोग्रॅममध्ये घालून दाखवा. त्यानं नव्या संख्येला बेरीज-गुणाकार शिकवला आणि महूची बस पकडली. मॅट्रिक्सला हातही लावला नाही, तरी या संख्या तिच्यात बिनतक्रार बसल्या. मी तीन आठवडे जागोजागी 'घड्याळ असेल तर' घालत होतो. बाईंपुढे दाखवायला उभा राहिलो, तर साध्या संख्यांतही नऊ अधिक पाच दोनच! एका ठिकाणी 'घड्याळ असेल तर' लिहायचंच राहिलं होतं.

"होता है, भिया," जनगणना कुजबुजला. हसला असता तर परवडलं असतं.

बाईंचा निर्णय व्हायचा होता, तेवढ्यात बंगळूरच्या एका संस्थेनं त्याला नोकरी देण्याआधी त्याच्याविषयी माझं मत मागवलं. पीडा टळावी म्हणून मी दोन पानं स्तुती लिहिली. दुःख एवढंच, की तीत एकही खोटं वाक्य घालावं लागलं नाही. जाताना तो वाकून पाया पडला. गाडी हलेपर्यंत मी फलाटावर थांबलो. खात्री केलेली बरी.

बाईंनी तरीही त्याचाच प्रोग्रॅम निवडला, आणि सांभाळायला दिला मला. चुका काढायच्या उत्साहात मी तो उघडला. बहुपदीच्या ऑब्जेक्टमध्ये अवयव पाडायची रीत माझीच होती, ओळीन् ओळ. मॅट्रिक्समध्येही तेच. माझं अजस्र फंक्शन सुटं करून त्यानं ज्याचं काम त्याच्याकडे नेऊन दिलं होतं, आणि दर ठिकाणी वर लिहिलं होतं, 'ही पद्धत आमच्या सरांची.'

अशा माणसाचा हेवा करायचा तरी कसा? मी करतो म्हणा, अजूनही. पण वर्गात ती पानं पडद्यावर लावली की त्या ओळीपाशी अक्षरं जरा मोठी करतो. शेवटच्या बाकावरून दिसायला नकोत?